गावातल्या जुन्या घरात चिंतन-दालन कसं उभारावं

भजनी मंडळाकडे कपाटात पडून असलेली जुनी वीणा आहे, टाळ आहेत, दिंडीची पताका आहे. गल्लीत एक कौलारू घर बंद पडलंय. आणि चार जणांना मनापासून वाटतंय की या वस्तूंचं नीट काहीतरी व्हावं, नुसतं काचेच्या कपाटात ठेवून वर ट्यूबलाइट लावणं नको, तर माणूस आत येऊन घटकाभर बसेल, स्वतःशी बोलेल अशी जागा व्हावी. खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी या भागातल्या अशा मंडळांसाठी आणि नव्यानेच या कामात पडलेल्या तरुण वास्तुरचनाकारांसाठी हे लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. अशा दालनात शरीर आधी निवतं, मन मागाहून. म्हणून काम पायांपासून सुरू करायचं, मग डोळे, मग कान. वस्तू त्यानंतर, मजकूर त्याच्याही नंतर, आणि प्रोजेक्टर-बिजेक्टर जमलं तर अगदी शेवटी. बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा होतो. आधी पडदा आणि स्पीकर यांचं कोटेशन मागवलं जातं आणि छताच्या गळतीचा विचार जूनमध्ये होतो.

आधी बघून या

कागदावर रेघ ओढण्यापूर्वी बेळगावच्या किल्ल्यात एक पूर्ण दिवस घालवा. १२०४ च्या सुमारास, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात त्याचा मंत्री बीचिराज याने बांधलेली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, तिथे आहे. सगळे वर मान करून छताचं ७२ पाकळ्यांचं कमळ बघतात. तुम्ही तेही बघा, पण आधी उंबऱ्यावर थांबा. उन्हातून मुखमंडपात, तिथून आतल्या मंडपात, तिथून गाभाऱ्याकडे जाताना उजेड कसा टप्प्याटप्प्याने कमी होतो ते पाहा. घासून गुळगुळीत केलेल्या खांबांवर उजेडाची कड कुठे पडते, आपला आवाज आपोआप कुठे खाली येतो, हे वहीत लिहून ठेवा. फोन खिशातच राहू द्या.

त्याच किल्ल्यात साफा मशीद आहे, प्रवेशाजवळ दुर्गादेवीचं मंदिर आहे आणि रामकृष्ण मिशनचा आश्रमही आहे. स्वामी विवेकानंद १८९२ साली बेळगावात आले तेव्हा ज्या बंगल्यात काही दिवस राहिले, ती वास्तू आश्रमाने स्मारक म्हणून जपली आहे. एकाच तटाच्या आत चार प्रकारची शांतता अनुभवायला मिळते, आणि प्रत्येकीचं बांधकामातलं कारण वेगळं आहे. दुसऱ्या दिवशी हलशीला जा. तिथल्या भूवराह-नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत. मधल्या जागेत उभं राहिलं की कुठे वळायचं हे आपल्यालाच ठरवावं लागतं. दालनात माणसाला असं एखादं वळण स्वतः घ्यायला लावता आलं, तर तो तिथे नुसता पाहुणा राहत नाही.

जागा आणि कागदपत्रं

घर निवडताना भिंतीपेक्षा छत बघा. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, कणकुंबीकडे, पाऊस प्रचंड असतो. मलप्रभेचा उगमच तिथला. त्या बाजूच्या घरात पश्चिमेची भिंत चार महिने ओली राहणार हे गृहीत धरूनच आराखडा करा. जांभ्याची भिंत असेल तर तिला सिमेंटचा गिलावा करू नका. ओल आत कोंडते आणि दोन-तीन वर्षांत पापुद्रे सुटायला लागतात. चुन्याचा गिलावा महाग वाटतो, जाणता गवंडी शोधावा लागतो, पण भिंत श्वास घेते. फुटकी कौलं बदलायला खानापूरची माती आणि तिथली कुंभारकामाची परंपरा हाताशी आहे. पत्रा घालायचा मोह टाळा. पावसात पत्र्याखाली चिंतन होत नाही.

कागदाच्या बाबतीत तीन गोष्टी. घर एखाद्या केंद्र-संरक्षित स्मारकाजवळ असेल तर पहिल्या १०० मीटरमध्ये नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. दुसरं, १०० वर्षांहून जुनी मूर्ती किंवा ७५ वर्षांहून जुनी पोथी ठेवणार असाल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली तिची नोंदणी करावी लागते का, हे पुरातत्त्व खात्याकडे जाऊन आधी विचारा. तिसरं, बाहेरच्या नामफलकावर कन्नडला किमान ६० टक्के जागा द्यावी लागते. कर्नाटकच्या कन्नड भाषेच्या कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीत ट्रस्टही आले आहेत. फलक रंगवून झाल्यावर वाद घालण्यापेक्षा रंगाऱ्याला आधीच माप देऊन ठेवा.

उंबरा

दालनाचं निम्मं यश इथे ठरतं. दुपारच्या उन्हात बाहेर लाखभर लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. आत तुम्ही ५० लक्स ठेवणार. डोळ्याची बाहुली क्षणात मोठी होते, पण पडद्याला अंधाराची सवय व्हायला काही मिनिटं जातात. पुरती सवय व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. म्हणून उन्हातून थेट दालनात आणलेला माणूस चाचपडतो, घाबरतो आणि पहिली गोष्ट कोणती करतो तर मोबाइलची टॉर्च लावतो.

आपल्या जुन्या घरांच्या रचनेत याचं उत्तर आहेच. ओसरी, सोपा, माजघर. ओसरीवर हजारभर लक्स, सोप्यात २०० च्या आसपास, आणि माजघराचं दालन केलं तर तिथे ५०. लक्स मोजायला साधं लक्समीटर मिळतं. मोबाइलमधलं ॲप अंदाजापुरतं चालतं. प्रत्येक टप्प्यावर माणसाला रेंगाळायला एक कारण द्या. ओसरीवर चपला काढणं आणि पाय धुणं, सोप्यात भिंतीला टेकून बसायला बाकडं आणि ज्याला वाचायचं असेल त्याच्यासाठी मजकूर. ओसरी ते दालन सरळ रेषेत ठेवू नका. सोप्यातून एक वळण घेतल्याशिवाय आतलं दिसता कामा नये.

पायाखालचं बदला. ओसरीला शहाबादी फरशी, सोप्यात लाकूड किंवा जाड सतरंजी, आत सारवलेली जमीन किंवा चुन्याचा कोबा. अनवाणी पायाला तीन वेगळे स्पर्श झाले की चाल आपसूक मंदावते. कुठे ‘शांतता राखा’ अशी पाटी लावावी लागत नाही. उंबरा मात्र उंच ठेवू नका. चाकाच्या खुर्चीसाठी १ ला १२ असा उतार हवा, म्हणजे १५ सेंटिमीटर चढायला १८० सेंटिमीटर लांबी. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर आणि आत खुर्ची वळायला दीड मीटरचं वर्तुळ. जुन्या घराचं दार इतकं रुंद नसेल तर मागचं दार रुंद करा, पण त्या वाटेनेही तोच टप्प्याटप्प्याचा अनुभव मिळेल अशी सोय करा. म्हाताऱ्या वारकऱ्याला कोठीघरातून आत आणणं बरं नव्हे.

उजेड

कापड, कागद, रंगवलेलं लाकूड, चामडं यांना ५० लक्सच्या वर उजेड नको. पितळ, दगड यांना त्रास नाही. पण एकाच दालनात दोन्ही असतील तर नाजूक वस्तूचा नियम सगळ्यांना लावा, नाहीतर पितळेच्या झळाळीपुढे पताका काळी दिसेल. दिवे २७०० ते ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, आणि रंग खरे दाखवणारे, म्हणजे सीआरआय ९० च्या वर. न लुकलुकणारे ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारे भाग, घ्या. मंद केल्यावर थरथरणारा दिवा डोळ्याला कळत नाही, पण डोकं दुखतं.

नैसर्गिक उजेड मिळत असेल तर सोडू नका. कौलात एक काचेचं कौल बसवलं की दिवसभर सरकणारा कवडसा फुकट मिळतो. तो वस्तूवर पडू देऊ नका, रिकाम्या भिंतीवर किंवा जमिनीवर पडू द्या, आणि काचेला अतिनील किरण अडवणारा थर लावा. अमेरिकेत ह्यूस्टनला रॉथ्को चॅपल आहे. १९७१ साली उघडलेली ही अष्टकोनी जागा, आत १४ गडद चित्रं, आणि कोणत्याही धर्माच्या माणसाने येऊन बसावं एवढाच हेतू. तिथे छतातून येणारं टेक्ससचं ऊन इतकं प्रखर ठरलं की ते अडवायला खाली आडोसे लावावे लागले, आणि २०२० पर्यंत चाललेल्या दुरुस्तीत ती सगळी छतखिडकी नव्याने करावी लागली. बेळगावचं एप्रिलमधलं ऊन त्याहून सौम्य नाही. तेव्हा काचेच्या कौलाखाली सरकवता येईल असं खादीचं कापड पहिल्यापासून ठेवा.

तेलाचा दिवा? मंडळातली ज्येष्ठ माणसं हे विचारतीलच, आणि त्यांचं म्हणणं मनाला पटतं. पण काजळी कापडात आणि लाकडात बसते ती निघत नाही, आणि बंद खोलीत आगीची भीती वेगळीच. समई ओसरीवर लावा. येताना-जाताना तिथे हात जोडता येतील. आत बॅटरीवरची खोटी थरथरणारी ज्योत मात्र नकोच. ज्या जागेत आपण माणसाला खरं व्हायला सांगतो, तिथे खोटी ज्योत शोभत नाही.

आवाज

याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून इथे थोडं गणित करू. समजा खोली ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच. घनफळ १६८ घनमीटर. भिंती, जमीन, छत मिळून पृष्ठभाग १९४ चौरस मीटर. गिलावा आणि फरशी आवाज जेमतेम ३ टक्के शोषतात, म्हणजे एकूण शोषण १९४ गुणिले ०.०३, साधारण ५.८. घुमण्याचा काळ काढायचं सूत्र आहे ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले शोषण. उत्तर येतं साडेचार सेकंदांच्या वर. एवढ्या वेळात एका माणसाचं खोकणं दहा जणांचं ध्यान मोडतं.

आता त्याच खोलीत ३० चौरस मीटर घोंगडी लावा. भिंतीपासून चार-पाच सेंटिमीटर पुढे, चुण्या घालून. जाड लोकर अशी लावली की मधल्या सुरांतला आवाज ढोबळमानाने ६० टक्के शोषते. शोषण १८ ने वाढतं आणि घुमण्याचा काळ १.२ सेकंदांच्या आसपास येतो. एकट्या गळ्याने म्हटलेल्या अभंगाला हा काळ फार छान: शब्द कळतो आणि सूर लगेच मरतही नाही. पंधरा माणसं आत बसली की तो आणखी थोडा खाली येईल, म्हणून घोंगड्या सुरुवातीला कमीच लावा आणि ऐकत ऐकत वाढवा. आपल्या भागात घोंगडी विणणारे धनगर आजही आहेत; शहरातून फोमची पॅनेल आणण्यापेक्षा हे काम त्यांना द्या. कसर लागू नये म्हणून वर्षातून दोनदा ऊन दाखवावं लागेल, तेवढं वेळापत्रकात लिहून ठेवा.

ध्वनिमुद्रित आवाज वापरायचाच असेल तर कमी वापरा. पहाटेच्या काकडआरतीचा लांबून येणारा आवाज, जात्याची घरघर, कणकुंबीजवळचं मलप्रभेचं पाणी असं काही. निम्म्याहून जास्त वेळ निखळ शांतता असू द्या. मुद्रण अर्ध्या तासापेक्षा छोटं करून पुन्हापुन्हा लावू नका. दिवसभर तिथे बसणाऱ्या माणसाचा विचार करा. ज्यांचा आवाज घ्याल त्यांची लेखी संमती घ्या, आणि आवाज साध्या बोलण्यापेक्षा हळू ठेवा, ४५ डेसिबलच्या आसपास. पंखा, एसी, ओल शोषणारं यंत्र यांची घरघर त्याहून मोठी होत असेल तर ती यंत्रं रात्री चालवा. कौलावरचा पाऊस मात्र अडवू नका. आषाढात तो ऐकायलाच लोक येतील.

वस्तू: एक मुख्य, बाकी सोबतीला

मंडळाला सगळंच मांडायचं असतं, कारण प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी घरातून आलेली असते. तिथे ठाम राहा. दालनात एक मुख्य वस्तू ठेवा, बाकीच्या सोप्यात.

वीणेचंच उदाहरण घेऊ. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. पहारे लावून एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. जुन्या वीणेच्या भोपळ्यावर जिथे छाती टेकते तिथलं रोगण घासून गेलेलं असतं, दांडीवर बोटांच्या जागी लाकूड काळपट तुकतुकीत झालेलं असतं. कारागिराने केलेल्या नक्षीपेक्षा ती झीज जास्त बोलते. म्हणून वीणा आडवी ठेवू नका, उभी ठेवा, माणसाच्या छातीच्या उंचीवर, आणि तिरका उजेड त्या झिजेवर पडेल असा दिवा बाजूने लावा. समोरून टाकलेल्या उजेडात झीज दिसतच नाही. रोगण नव्याने लावून ‘चकाचक’ करण्याचा आग्रह कोणी धरला तर हात जोडून नाही म्हणा.

आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. भोपळा, लाकूड, पखवाजाचं चामडं, सगळ्यांनाच. वीणा ज्या पेटीत ठेवाल ती बंद ठेवून तळाशी झाकलेल्या कप्प्यात ओल शोषणारं सिलिका जेल ठेवा, शेजारी आर्द्रतामापक, आणि रोज सकाळी आकडा वहीत. पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, हातभर मोकळी जागा सोडा.

वस्तू मंडळाची आहे आणि दालन ट्रस्टचं, तर लेखी करार करा: किती वर्षांसाठी, विमा कोणाचा, तार तुटली तर कोणी बदलायची. आणि त्यात एक कलम जरूर घाला, की सप्ताहाला वीणा दरवर्षी मंडळाकडे जाईल. त्या सात दिवसांत दालनात रिकामा टेकू राहील, दिवा तसाच चालू राहील आणि वीणा कुठे आहे ते सोप्यात एका ओळीत लिहिलेलं असेल. वस्तू जिवंत असल्याचा याहून चांगला पुरावा नाही.

नमस्कार, कुंकू आणि नाणी

हे आधी ठरवलं नाही तर पहिल्या एकादशीला प्रश्न उभा राहील. लोक हात जोडतील, फूल ठेवतील, नाणं टाकतील, कुंकवाचं बोट लावतील. त्यांना ओरडायचं नाही. ओसरीवरच्या समईपाशी एक दगडी पाट ठेवा. फूल, नाणं, जे काही वाहायचं ते तिथे. आत पेटीभोवती दोन हातांचं अंतर राहील अशी जमिनीची पातळी थोडी बदला. दोर बांधू नका. पूजेतली मूर्ती दालनात आणूच नका. मूर्ती आली की नैवेद्य आला, पुजारी आला, सोवळं-ओवळं आलं, आणि मग शेजारच्या गल्लीतला मुसलमान विणकर, लिंगायत आजोबा किंवा जैन शिक्षिका आत यायला बिचकतील. आपल्या भागात ही सगळी माणसं एका बाजारात, एका शाळेत असतात. चिंतनाची जागा सगळ्यांची हवी.

मजकूर

मराठी आणि कन्नड एकाच आकारात, शेजारी-शेजारी. प्रत्येक भाषेत ५० ते ६० शब्द, त्याहून जास्त उभ्याने कोणी वाचत नाही. कन्नड मजकूर मराठीवरून भाषांतर करून घेऊ नका. कन्नड लिहिणाऱ्या माणसाला वस्तू दाखवा आणि त्याला स्वतःचं लिहू द्या. मजकुराचा मध्य जमिनीपासून १४० सेंटिमीटरवर. क्यूआर कोड लावायचा तर ओसरीवर. आतल्या दालनात एकही अक्षर नको, बाहेर पडायची वाट दाखवणारा दिवा सोडून. तो मात्र हवाच, वीज गेल्यावरही पेटणारा. अंधाऱ्या खोलीला बाहेरच्या बाजूला उघडणारं दुसरं दार आणि आग विझवण्याचं नळकांडं यात तडजोड नाही.

बसणं

जमिनीवर पट्ट्या आणि भिंतीकडेने ४५ सेंटिमीटर उंचीची, पाठ आणि हात असलेली बाकं. गुडघे दुखणाऱ्याला उठताना हाताचा आधार लागतो. आपण धरलेल्या खोलीत एका वेळी पंधरा माणसं पुरे.

उघडण्याआधी

पुठ्ठा, चादरी आणि भाड्याचे दोन दिवे घेऊन खोटं दालन उभं करा. एक वारकरी, एक शाळकरी मुलगी, चाकाच्या खुर्चीवरचं एक माणूस आणि एक असं माणूस, ज्याचा भजनाशी काही संबंध नाही, यांना एकेकटं आत सोडा. ‘कसं वाटलं?’ विचारू नका, सगळे छानच म्हणतात. ते कुठे थबकले, कुठे बसले, कधी उठले एवढं टिपा. बसलेला माणूस पाच मिनिटांच्या आत उठत असेल तर बहुधा आवाज किंवा बैठक चुकलीय. आत यायलाच कचरत असेल तर उंबरा.

पैसे बेताचे असतील तर छत, भिंतीची ओल, वायरिंग, उतार, घोंगड्या, दिवे असा क्रम धरा. प्रोजेक्टर पहिल्या वर्षी घेऊ नका. घेतलाच तर त्याच्या पंख्याचा आवाज खोलीबाहेर ठेवायची सोय आधी करा.

आणि दालन बांधून झालं तरी वस्तू लगेच आणू नका. एक पावसाळा खोली रिकामी जाऊ द्या. जून ते सप्टेंबर रोज सकाळ-संध्याकाळ आर्द्रता लिहा, कौलं कुठे ठिबकतात ते बघा, भिंतीवर खडूने ओलीच्या कडा काढून तारीख टाका. आकडा ६५ च्या आत राहिला तर दसऱ्यानंतर वीणा आणा. राहिला नाही तर पेटी तयार होईपर्यंत वीणा मंडळाच्या कपाटातच बरी.